गुलाबाखालचा पातेरा

सकाळचे ऊन आमच्या अंगणात एकदम येत नाही. आधी ते शेजारच्या माडांच्या शेंड्यांवर थांबते, मग कुंपणाच्या गडग्याच्या माथ्यावरून हळूहळू खाली उतरते, जांभ्याच्या भोकाभोकांत क्षणभर मुरते आणि मगच पायरीशेजारच्या सात कुंड्यांपर्यंत पोहोचते. त्यात विशेष काही नसते. तारेवरच्या टॉवेलवर, पिंपाच्या झाकणावर, मांजराच्या पाठीवरही ते तसेच पडते. पण गुलाबांच्या मागे ते आले की पाने आरपार दिसू लागतात. त्या सकाळीही दिसली, आणि त्यांत पुन्हा काळे ठिपके होते. कडा विरलेले, भोवती पिवळसर झालर. दोनदा औषध फवारूनही ते परतले होते.

गुलाब वेदिकाचे. बँकेतल्या नोकरीमुळे ती दोन वर्षे आमच्या माडीवर भाड्याने राहिली. मे महिन्यात तिची नाशिकला बदली झाली. जाताना तिने झाडे माझ्यावर सोपवली, असे मी विचारणाऱ्याला सांगत असे. दिवाळीत जमले तर रत्नागिरीला येईन, असे ती आईला फोनवर म्हणाली होती. दिवाळीला अठरा दिवस उरले होते, आणि झाडांवर पानांपेक्षा काटेच अधिक दिसत होते.

चुकते कुठे, तेच मला उमगेना. शेवटी चार पाने आणि एक काडी पिशवीत घालून मी पालीच्या रोपवाटिकेत गेलो. तिथल्या सखारामने एक पान उन्हाकडे धरले.

"पाणी कधी घालता?"

"संध्याकाळी सहाला. पानांवरूनही. रस्त्याची लाल धूळ बसते ना."

"म्हणजे रात्रभर पानं ओली. बुरशीला घरचा पाहुणचार. आणि गळलेली पानं?"

"बुंध्यातच घालतो. पातेऱ्यात मिसळून."

तो हसला. "कलमांना घालतात तसा?"

मी मान हलवली. आंब्याच्या बुंध्याशी वाळक्या पानांचा थर घालताना मी लहानपणापासून पाहिले होते. झाडाचे झाडालाच द्यावे, हे आमच्याकडे कुणी शिकवावे लागत नाही.

"आंब्याला चालतं हो ते. पण ही पानं रोगट. तुमी खाली रोगाला अंथरूण घालताय आणि वरून औषध मारताय. पाणी सकाळी घाला, मुळाशीच. गळलेलं पान न् पान वेचून जाळा. कुंड्या लांब लांब ठेवा, वारा खेळू दे. मग आठवड्याने फवारा, पानांच्या खालूनसुद्धा." त्याने काडी नखाने खरवडली. "काडीवर असे डाग किती झाडांना?"

"दोन."

"ती दोन उपटा. बाकीची वाचतील."

"ती माझी नाहीत."

"मग मालकाला विचारा. पण लवकर विचारा."

सहा ही वेदिकाची कामावरून येण्याची वेळ होती. पाइप हातात असला की अंगणात उभे राहायला कारण मिळे, ती एखाद्या कळीला बोट लावून "कसं आहे हे आज?" असे विचारी, आणि मला उत्तर सुचेपर्यंत जिना चढून जाई. हे मी सखारामला सांगितले नाही.

घरी येऊन सगळा पातेरा उपसला. खालची पाने काळी, चिकट झाली होती. मग पायरीवर बसून फोनवर मजकूर लिहिला, पुसला, पुन्हा लिहिला. आई तांदूळ निवडत होती.

"एवढं काय लिहितोस रे?"

"वेदिकाला विचारतोय. दोन झाडं उपटू का म्हणून."

"तिला कशाला?"

"तिची आहेत."

आईचा हात सुपात थांबला. "शुभंकर, तुला खरंच आठवत नाही, की सोंग घेतोस?"

एक खडा उचलून तिने अंगणात टाकला. मी मजकूर पुसला, फोन पायरीवर ठेवला आणि पहिल्या झाडाच्या बुंध्याला हात घातला. ते सहज निघाले.

सामान टेम्पोत चढत असताना वेदिका आईला म्हणाली होती, "काकी, कुंड्या हव्या तर ठेवा, नाहीतर टाकून द्या." तिच्या पुस्तकांचे खोके हातात घेऊन मी तेव्हा तिथेच उभा होतो.