शेवटची गासडी

हवानाच्या पश्चिमेला असलेल्या सान लुईस गावातल्या आमच्या सिगारच्या कारखान्यात सकाळी सगळ्यांच्या आधी नेरेइदा यायची. सिगारवर शेवटी गुंडाळायचं पान भिजवणं हे तिचं काम. कोरडं पान हात लावताच तुटतं. भिजवलं की कातड्यासारखं मऊ होतं, पण मग त्याच दिवशी वापरावं लागतं. राहिलं तर बुरशी धरतं. लाइटचा भरवसा गेल्यापासून किती पान भिजवायचं हा रोजचा जुगार झाला होता. आमचं दालन जुन्या गोदामातलं. वाऱ्यानं पान सुकतं म्हणून खिडक्या उंचावर, लहान आणि कायम बंद. दिवे नसले की हातातलं पानही दिसत नाही.

जानेवारीत व्यवस्थापक एलिओदोरो यांनी वरून आलेला निरोप सांगितला. लांब सिगारची मागणी शनिवारपर्यंत पुरी झाली नाही, तर कारखाना बंद करून माणसं पिनारच्या कारखान्यात पाठवणार. पिनारची बस डिझेलअभावी केव्हाच बंद पडली होती. नेरेइदाचा नवरा अर्धांगानं अंथरुणावर. दुपारी घरी जाऊन त्याला भरवायचं आणि परत यायचं, हा तिचा क्रम. पिनारला जाणं तिला शक्यच नव्हतं.

शुक्रवारी सकाळी पानाची एकच गासडी उरली होती.

"अर्धीच भिजव," एलिओदोरो म्हणाले.

"अर्ध्यात मागणी पुरी होते का, साहेब?"

"नाही होत."

"मग अर्धी भिजवून काय, शोभेला ठेवायची?"

"आणि सगळी भिजवलीस नि लाइट गेली तर?"

"यासिएल म्हणतो, आज आपली लाइन बंद करणार नाहीत. दवाखान्यात ऑपरेशनं आहेत, आणि आपण त्याच लाइनवर."

यासिएल नेरेइदाच्या भावाचा मुलगा, वीज कचेरीत कामाला. सिगार वळणाऱ्या बायकांत दामारिसची जीभ सगळ्यांत तिखट. ती म्हणाली, "मावशी, तुझा यासिएल परवाही असंच म्हणाला होता. मी भात कोळशावरून काढून विजेच्या कुकरात घातला. माझा नवरा तो कच्चा भात अजून चावतोय."

बायका हसल्या. नेरेइदाही हसली आणि तिनं सगळी गासडी सोडली. एकेक जुडी पाण्याखाली धरून ती जोरानं झटकत होती. पानावर थेंब राहिला तर डाग पडतो.

लाइट खरंच होती. सकाळभर हात भराभर चालले. बायकांनी वळलेल्या सिगार तपासणं हे माझं काम होतं. माझ्यापुढे चांगला माल साठत गेला. मग दिवे गेले. पहारेकऱ्याच्या बॅटरीवरच्या रेडिओनं सांगितलं की आख्ख्या बेटाची वीज गेली आहे, कधी येईल ते माहीत नाही. यासिएल खोटं बोलला नव्हता. आमची लाइन कुणी बंद केली नव्हती.

नेरेइदा म्हणाली, "टेबलं ओसरीत घ्या. तिथं उजेड आहे."

"वारा आहे तिथं," एलिओदोरो म्हणाले.

"आत काय आहे?"

टेबलं बाहेर आली. पानांवर ओली गोणपाटं टाकली. पण जानेवारीतला उत्तरेचा वारा कोरडा असतो. पान गोणपाटाखालून काढून कापेपर्यंत त्याची कड वळायची. दामारिसच्या हातात पहिलं पान फाटलं. तिनं ते नेरेइदासमोर धरलं. नेरेइदानं उरलेलं सगळं पान पुन्हा भिजवलं. भिजलेलं पान दुसऱ्यांदा भिजवायचं नाही, हे नवीन बायकांना तीच शिकवायची.

संध्याकाळी माझ्या टेबलावर डाग पडलेल्या सिगार येत राहिल्या. नेरेइदा माझ्या शेजारी उभी होती.

"ही चालेल?"

"नाही."

"ही तर बरी आहे. जरा डोळे मीट ना."

"मी मिटेन, बाई. हवानात पुन्हा तपासतात, तिथं कुणीतरी उघडेलच."

तिनं ती सिगार स्वतःच बाद मालाच्या पेटीत टाकली.

शनिवारी मागणी अपुरी राहिली. पुढच्या आठवड्यात टेबलं न्यायला बैलगाड्या आल्या. ट्रकला डिझेल नव्हतं. बायका आपापली टेबलं उचलून गाडीत चढवू लागल्या. एलिओदोरो नेरेइदाला म्हणाले, "पिनारला पान भिजवायला बाई हवी आहे. तुझं नाव दिलंय."

"येऊ कशी?"

"बघतो काही सोय."

"त्यालाही सोबत आणू का, पलंगासकट?"

ते गाडीवानाशी दोर आवळण्याबद्दल बोलू लागले.

मी अधूनमधून तिच्या घरी जातो. परवा गेलो तेव्हा ती दारात कोळशावर रताळी उकडत होती. यासिएल सायकलवरून आला आणि खाली न उतरताच म्हणाला, "आत्या, आज संध्याकाळी लाइट येणार आहे."

"येऊ दे," ती म्हणाली, आणि रताळं कुस्करून नवऱ्याला भरवायला आत गेली.