वर्ग हसतो

"इथं थांबवा," समन्वयक म्हणाले. "आता सरांचा विनोद आहे."

पट्टीवाल्या बाईंनी पडद्यावरचं तासाचं चित्रण थांबवलं. त्यांना सांगायची गरज नव्हती. सांख्यिकीच्या सरांनी डस्टर टेबलावर ठेवलं की विनोद येणार, हे त्यांना सरांच्या बायकोपेक्षा जास्त ठाऊक होतं. गेल्या वर्षी तोच विनोद, त्याच्या आदल्या वर्षीही तोच. मुलं दरवर्षी नवी असल्यामुळे हशा तेवढा ताजा असायचा. विनोदाला मात्र बुरशी आलेली. या खेपेला सरांनी त्याला नवी शेपटी जोडली होती. समन्वयकांनी ती ऐकली, मिशीतल्या मिशीत हसले आणि लगेच गंभीर झाले.

"गाळा. तीन टिंबं द्या आणि पुढं चला. अभ्यासाचं तेवढं लिहायचं, नियम आहे."

नियम त्यांनीच केला होता. विद्यापीठानं दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी 'सुविधा कक्ष' काढला, तेव्हा त्याला जिन्याखालची जागा मिळाली. पूर्वी तिथं मोडक्या खुर्च्या ठेवायचे. खुर्च्या अजून तिथंच होत्या, त्यातल्या एकीवर घरून आणलेली उशी टाकून बाई बसायच्या. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यांना त्या दारातून आत शिरता यायचं नाही; ते बाहेरूनच काय ते बोलायचे. उद्घाटनाच्या भाषणांचं चित्रण झालं, पण त्याला पट्टी घालायला कोणी सांगितलं नाही. बाईंनीही आपणहून घातली नाही. त्या भाषणांत लिहिण्यासारखं त्यांना काही सापडलं नव्हतं.

त्यांचं काम साधं होतं. तासाचं चित्रण ऐकायचं, ऐकलेलं टाइप करायचं आणि बोलण्याबरोबर ओळ पडद्यावर खाली पट्टीसारखी उमटेल अशी बसवायची. फळ्याकडे तोंड करून पुटपुटणारे सर ज्यांना ऐकू येत नाहीत, त्यांना ते निदान वाचता यावेत. म्हणून मुलं त्यांना पट्टीवाल्या बाई म्हणायची. नेमणूक वर्षाच्या बोलीवर. वर्ष संपत आलं की समन्वयक "बघू" म्हणायचे आणि बाई महिनाभर त्या 'बघू'चा अर्थ लावत बसायच्या.

दुपारी दारात एक मुलगी उभी राहिली. बाईंनी तिला ओळखलं, पडद्यावर रोज बघत होत्या. पहिल्या बाकावरची.

"एक विचारू?" तिचा आवाज सपाट होता, एकेक शब्द टेबलावर मांडल्यासारखा. नजर बाईंच्या ओठांवर.

"विचार की."

"पट्टीत टिंबं येतात. तिथं सगळे हसतात. सर काय म्हणतात?"

"काही ना..." बाई म्हणाल्या आणि थांबल्या. पण ओठ वाचणाऱ्या माणसाला तेवढंही पुरतं.

"आईसुद्धा हेच म्हणते," मुलगी म्हणाली. "काही नाही, असंच. मैत्रीण म्हणते, नंतर सांगते. तिचं 'नंतर' अजून उजाडलं नाही."

बाईंना घर आठवलं. सासूबाईंचे कान गेल्यापासून जेवताना नवरा काहीतरी सांगायचा, सगळे हसायचे आणि सासूबाई विचारायच्या, "काय झालं गं?" "काही नाही गं आई, असंच." मग सासूबाईही हसायच्या. नेमकं काय ते न कळता, ताटातल्या घासाकडे बघत. ते हसू बाईंना बघवायचं नाही. पण त्याही गप्पच बसायच्या. तीच गोष्ट पुन्हा ओरडून कोण सांगत बसणार?

"परवा मीपण हसले," मुलगी सांगत होती. "मागं वळून बघितलं तर सगळे माझ्याकडं बघून हसत होते. मग मीही हसले. कशाला हसले, तेवढं मला सांगा."

सकाळी गाळलेलं ते हेच. सर म्हणाले होते, "एखादा आकडा बाकीच्यांपासून फार लांब जाऊन बसला, तर काय करायचं? उचलायचा आणि बाहेर टाकायचा." हा जुना विनोद. नवी शेपटी अशी, "आता आपला पहिला बाकच बघा. कितीही बोंबला, सरासरीत म्हणून येत नाही!"

"चांगलं नाहीये गं ते," बाई म्हणाल्या.

"पण माझ्याबद्दल आहे ना?"

"तोंडी सांगू?"

"नको. तोंडी सांगितलेलं उद्या कोणीही म्हणेल, तसं नव्हतंच. पट्टीत घाला. सगळ्यांच्या कानांत गेलं, माझ्या डोळ्यांत जाऊ दे."

बाईंनी दाराकडं पाहिलं. 'बघू' आठवलं. मग त्यांनी उशी सारखी केली आणि कामाला लागल्या. त्या वर्षातली सगळी टिंबं खोडून तिथं सर जे बोलले होते ते घातलं, वर्गातल्या आवाजांच्या कंसातल्या नोंदींसकट.

दोन दिवसांनी मुलगी दुसऱ्या मोडक्या खुर्चीवर तोल सावरत बसली आणि वाचू लागली. पहिला विनोद वाचून तिनं बाईंकडं बघितलं.

"पुढं?"

"पुढं काही नाही. संपला."

"हा विनोद होता?"

"हो."

"यावर ती गाढवं बाक बडवत होती?"

"गुण सरांच्या हातात असतात. हसतील नाहीतर काय करतील!"

तिनं आणखी चार-पाच वाचले. प्रत्येक वेळी तोंड आंबट. "आणि मला वाटायचं, केवढी मजा चाललीय आणि मी तिला मुकतेय!"

मग ती हसली होती तो तास आला. सरांनी डस्टर ठेवलं. मुलीनं ओळ वाचली. खाली उमटलं, [वर्ग हसतो]. पडद्यावरची ती मागं वळली, सगळ्यांचे चेहरे बघितले आणि घाईघाईनं हसली.

खोलीतली ती पडद्यावरून नजर काढून बाईंकडं वळली. मग म्हणाली, "माझं हसणं ऐकू येतं?"

"येतं."

"वेगळं?"

"बाकीच्यांचं थांबल्यावर."

"मग ते का नाही लिहिलंत?"

"माझ्यानं लिहवेना," बाई म्हणाल्या.

"लिहा."

बाईंनी लिहिलं. [पहिल्या बाकावरची विद्यार्थिनी उशिरा हसते.] मुलीनं ते एकदा वाचलं, मान हलवली आणि पिशवी खांद्याला लावून गेली.

समन्वयक आठवड्याअखेर आले, घाम पुसत. "अहो, हे काय करून ठेवलंत? सर केवढे चिडलेत!"

"आपण तसं बोललोच नाही, असं म्हणतात का सर?"

"बोलले हो! पण बोललेलं सगळं लिहायचं असतं का? काढून टाका."

"मी नाही काढणार. तुम्हाला काढायचं तर काढा, कळा सगळ्या इथंच आहेत."

समन्वयकांनी कळफलकाकडं बघितलं. काढण्याची जबाबदारी घेणं त्यांच्या जिवावर आलं. काढलं तर कोणी काढलं, हा प्रश्न उद्या आला असता. त्यांनी फक्त रुमाल घडी करून खिशात घातला. "पुढच्या वर्षी यंत्रच पट्टी घालणार आहे म्हणे. ते बिचारं हसण्याबिसण्याच्या भानगडीत पडत नाही."

या वेळी 'बघू' नव्हतं, त्यामुळे अर्थ लावत बसायची गरज उरली नाही.

बाईंच्या शेवटच्या दिवशी आलेलं चित्रणही सांख्यिकीचंच होतं. सरांनी डस्टर ठेवलं. तोच विनोद, तीच बुरशी. बाईंनी लिहिलं, [वर्ग हसतो]. पहिल्या बाकावरची मुलगी मागं वळली होती. बाकाच्या पाठीवर हात ठेवून एकेकाचा चेहरा बघत होती, दुकानातली न घेण्यासारखी वस्तू बघावी तसा. हसली मात्र नाही. ज्याच्याकडं ती बघायची, तो गप्प व्हायचा. सर खोकले. बाईंनी आवाज मोठा करून पुन्हा ऐकलं. मग लिहिलं, [शांतता]. ती ओळ पडद्यावर सावकाश वाचता येईल इतका वेळ ठेवली, संगणक बंद केला आणि उशी काखेत मारून निघाल्या.

रात्री जेवताना नवऱ्यानं त्याच्या साहेबाची काहीतरी गंमत सांगितली. सगळे हसले.

"काय झालं गं?" सासूबाईंनी विचारलं.

"काही ना..." नवरा म्हणू लागला. बाई ताट घेऊन उठल्या, सासूबाईंच्या समोर, अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसल्या आणि त्यांना सगळं पहिल्यापासून सांगितलं. साहेब, त्याची छत्री, शिपाई, सगळं.

सासूबाईंनी लक्ष देऊन ऐकलं. "एवढंच होय?" म्हणाल्या.

त्या हसल्या नाहीत. सुनेनं आणलेली उशी पाठीशी घेतली आणि पुढचा घास शांतपणे तोंडात घातला.