सदतीस नंबरची हजेरी

काकाच्या उजव्या हाताची तीन बोटं त्यांनी एकेक करून मोडली, आणि तेव्हा मी बरोबर त्याच्या डोक्यावर, तळमजल्यावरच्या वर्गात, तिसऱ्या बाकावर बसून जांभया देत होतो. हे आधीच सांगून टाकतो. मागाहून सांगायला गेलो की मी स्वतःची बाजू घ्यायला लागतो, आणि मला माझीच चीड येते.

काका म्हणजे वसतिगृहात माझ्या खोलीत राहणारा. वय वर्षं एकवीस, पण अंगात बारा महिने स्वेटर, आणि कुणी दिवा चालू ठेवून बाहेर पडलं की मागोमाग जाऊन तो बंद करणार. पहिल्याच वर्षी सगळ्या मजल्याने त्याला काका करून टाकलं. रसायनशास्त्राच्या वर्गात त्याचा नंबर सदतीस, माझा एकेचाळीस. तीन वर्षांत त्याने एक तास बुडवला नाही. मी मात्र मनाला येईल तेव्हा बुडवायचो आणि माझी हजेरी तोच द्यायचा. आधी अर्धा तास उपदेश, मग हजेरी. माझा आवाज तो नाकातून काढायचा आणि तो इतका हुबेहूब असायचा की मला राग यायचा.

आमच्याकडे हजेरी नंबरावर चालते. थर्मोडायनॅमिक्स शिकवणाऱ्या बाईंना आम्ही थर्मोबाई म्हणत असू. त्या मान खाली घालून नंबर पुकारत, आवाज आला की बरोबरची खूण करत. दीडशे पोरं, कोण कुणाचं तोंड बघतंय. पण नियम कडक होता. दुसऱ्याची हजेरी देताना सापडला तर त्याचं अख्खं वर्ष रद्द. माझे वडील शिवणकाम करून मला शिकवत होते. वर्ष गेलं असतं तर मला परत पाठवायला त्यांच्या डोळ्यांत तेवढी दृष्टी उरली नव्हती.

सगळं सुरू झालं ते ग्रंथालयावरून. ते संध्याकाळी सहाला बंद व्हायचं आणि रविवारी उघडायचंच नाही. काकाने दोन वर्षं अर्ज केले. मग म्हणाला, अर्ज करून काही होत नाही, आता निवडणूकच लढवतो. विद्यार्थी संघाचा अध्यक्ष चार वर्षं एकच होता. वय एकोणतीस, तिसरी पदवी चालू, म्हणजे नुसतीच चालू. त्याच्याविरुद्ध उभं राहायची कुणाची छाती नव्हती. काकाने अर्ज भरला तेव्हा अख्खं वसतिगृह हसलं. मग ते हसणं थांबलं, कारण पोरं ग्रंथालयाच्या पायरीवर त्याचं बोलणं ऐकायला जमायला लागली.

आधी आमच्या दारावर लाथा बसल्या. मग काकाची गादी खिडकीतून खाली गटारात गेली. एकदा जिन्यात त्याला कुणीतरी मागून ढकललं आणि कपाळाला चार टाके पडले. मी हॉकी स्टिक घेऊन निघालो होतो. माझं डोकं तापायला काडी लागत नाही. काका दारात आडवा उभा राहिला आणि म्हणाला की तू एकाचं डोकं फोडशील, मग मला दोघांची वकिली करावी लागेल, बस खाली. मी बसलो. त्याचं ऐकायची सवयच लागली होती.

मंगळवारी अर्ज मागे घेण्याची मुदत होती, दुपारी बारा ते दोन. सकाळी काका माझ्या आधी निघाला. अकराला घंटा झाली, थर्मोबाई आल्या, काका नाही. मला वाटलं, पोरांशी बोलण्यात अडकला असेल. बाईंनी सदतीस पुकारलं. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्याचा तास चुकत होता आणि पहिल्यांदाच मला परतफेडीची संधी आली होती. मी घसा दाबून काकासारखं, शब्द थोडा लांबवून ‘हजर’ म्हणालो. बाईंनी खूण केली. शेजारचा हसला. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

पाच-सात मिनिटांनी खालून दणके यायला लागले. एक, मग थोडी शांतता, मग दोन. आमच्या वर्गाखाली तळघरात फुटक्या काचसामानाची खोली आहे. तिथे मोडके स्टँड, तडकलेले फ्लास्क असलं सामान पडून असतं. शेजारचा म्हणाला, काय चाललंय खाली. मी म्हणालो, शिपाई कपाट हलवत असेल, नाहीतर बायको माहेरून परत आली असेल. मागचे दोन बाक हसले. बाईंनी खिडकी लावून घ्यायला सांगितली.

पाऊण वाजता प्रयोगशाळेच्या शिपायाला काका सापडला. तळघराच्या पायरीवर तो गुडघ्यांवर बसला होता आणि दुसऱ्या पायरीवर चढायचा प्रयत्न करत होता. जबडा एका बाजूला गेलेला. स्वेटरला काचांचा चुरा. उजवा हात त्याने छातीशी धरला होता आणि बोटं मागच्या बाजूला वळलेली होती. शिपाई नंतर मला म्हणाला की तो पंचवीस वर्षं ॲसिडाने भाजलेली पोरं बघतोय, पण त्या दिवशी त्याला ओकारी आली.

दवाखान्यात काकाचा जबडा तारांनी बांधला. त्याची थोरली बहीण दुसऱ्या गावी नर्स होती, ती रजा टाकून आली. आल्या आल्या तिने सलाईनची नळी तपासली, चादर सरळ केली आणि मग बाहेर येऊन भिंतीला टेकून रडली. मला म्हणाली, बाबा रे, तू होतास म्हणून मला त्याची काळजी नसायची.

काकाने डाव्या हाताने, पाटीवर गिरवल्यासारख्या अक्षरात सगळं लिहून दिलं. तिघे होते. अध्यक्ष, त्याचा एक पैलवान आणि एक चष्मेवाला. वर अकराची घंटा होत असतानाच त्यांनी त्याला खाली ढकललं. अर्ज मागे घ्यायच्या कागदावर सही मागितली. त्याने दिली नाही. स्टँडच्या लोखंडी दांड्याने मारलं. तरी दिली नाही. मग अध्यक्ष म्हणाला, आम्हाला देणार नसशील तर कुणालाच देऊ नकोस, आणि बोटं मोडली.

विद्यापीठाने चौकशी समिती नेमली. अधिष्ठाता, कायद्याचे एक प्राध्यापक आणि परीक्षा विभागाच्या एक बाई. बारापासून पुढे अध्यक्ष निवडणूक कार्यालयात पन्नास जणांसमोर बसला होता, म्हणजे प्रश्न अकरा ते बाराचाच होता. आणि अध्यक्षाच्या बाजूने थर्मोबाईंचा हजेरीपट टेबलावर आला. सदतीस, हजर.

थर्मोबाईंनी छातीठोकपणे सांगितलं की अठ्ठावीस वर्षांत त्यांच्या वर्गात खोटी हजेरी लागलेली नाही. झालं. मतांसाठी पोरगा तास संपल्यावर जिन्यावरून पडला आणि आता आळ घेतोय, असं बोललं जाऊ लागलं. वर्गातल्या पोरांना विचारलं तेव्हा कुणाला काहीच आठवेना. माझा शेजारी म्हणाला, मी वहीत बघत होतो. मला विचारलं, तू त्याच्या खोलीतला, तो वर्गात होता का. मी म्हणालो, माझं लक्ष नव्हतं.

असं म्हणालो मी. हॉकी स्टिक घेऊन धावणारा मी. वर्ष, वडील, त्यांचं शिलाई मशीन, त्यांचा चष्मा, सगळं एका क्षणात डोळ्यांसमोर आलं आणि मी मूग गिळून बसलो. बाहेर आल्यावर भिंतीवर एवढ्या जोरात मूठ मारली की दोन दिवस पेन धरता आलं नाही. त्याने काय होणार होतं. काका दवाखान्यात नळीने जेवत होता आणि समितीच्या कागदांत खोटारडा ठरत होता.

तीन आठवड्यांनी, एका सोमवारी समितीची शेवटची बैठक होती, दुपारी तीनला. एक वाजता मी कँटीनमध्ये बसलो होतो. अध्यक्ष समोर येऊन बसला. सोबत पैलवान आणि चष्मेवाला. अध्यक्षाने माझ्या खांद्यावर हात ठेवला, अगदी मोठ्या भावासारखा. हळू आवाजात म्हणाला, “तुझे आभार मानायचे राहून गेले.”

मला कळेना. तो सांगत गेला. त्यांचा बेत फक्त दम द्यायचा होता. दोन कानाखाली, सही, आणि वर्गात काका नाही म्हणून बोंब व्हायच्या आत सोडून द्यायचं. काका कधी चुकत नाही, बाईंनी मान वर करून विचारलं असतं, पोरं शोधायला निघाली असती. तेवढ्यात त्यांनी वर्गात बसवून ठेवलेल्या एका पोराचा फोनवर निरोप आला.

“सदतीस हजर, हजेरी तू दिलीस, असं कळलं,” अध्यक्ष म्हणाला. “म्हटलं, वा. हा वर बसलाय. मग आपल्याला घाई कसली?”

चष्मेवाला हसला. पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. टेबलावर पाण्याचा स्टीलचा जग होता. तो मी अध्यक्षाच्या तोंडावर घातला. पहिल्या फटक्याला नाक फुटलं, दुसऱ्याला त्याचा पुढचा दात माझ्या ताटात पडला. तिसऱ्या वेळी त्याने हात वर धरला आणि मी मुद्दाम बोटांवर मारलं. हाड वाजलं ते मला ऐकू आलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

मग पैलवानाने मला मागून उचलून फरशीवर आपटलं. बरगडीत लाथा बसल्या. चष्मेवाल्याने खुर्चीचा पाय माझ्या भुवईवर मारला आणि एक डोळा रक्ताने बंद झाला. मी त्याची पोटरी दाताने धरली आणि सोडली नाही. तो किंचाळत होता, पैलवान माझ्या पाठीत गुडघे मारत होता, आणि कँटीनवाला काउंटरमागे उभा राहून पोलिसांना फोन करत होता. कुणीतरी गरम चहाची किटली आमच्या तिघांवर ओतली तेव्हा आम्ही सुटलो. मानेवर त्याचा डाग अजून आहे.

मी दवाखान्यात गेलो नाही. मी तसाच, शर्टाची बाही डोळ्यावर दाबून, समितीच्या खोलीत शिरलो. सदतीसची हजेरी मी दिली, असं सांगितलं. अधिष्ठात्यांनी माझ्या अवताराकडे पाहिलं. आत्ताच मारामारी करून आलास आणि आता सूड म्हणून हे रचतोयस, असं त्यांचं म्हणणं पडलं. थर्मोबाई तर लालबुंद झाल्या. हे शक्यच नाही, म्हणाल्या.

मी म्हणालो, “बाई, मान खाली घाला आणि पुकारा.”

त्या चिडून पुकारणारच नव्हत्या. कायद्याचे प्राध्यापक शांतपणे म्हणाले, पुकारा की, काय बिघडतं. बाईंनी पट उघडला, मान खाली घातली आणि पस्तीसपासून सुरू केलं. सदतीस आल्यावर मी फुटलेल्या ओठांनी काकाचा आवाज काढला. बाईंच्या हाताने सवयीने खूण केली, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. मग त्या कागदाकडे बघत राहिल्या. खालून आवाज येत होते तेव्हा मी खिडकी लावायला सांगितली होती, असं त्या आपण होऊन म्हणाल्या, आणि त्यांचा चष्मा काढायला त्यांना दोन्ही हात लागले.

माझा जबाब लिहून घेतला. दवाखान्यात अध्यक्षाचं नाक शिवून होताच पोलीस त्याला तिथूनच घेऊन गेले. उरलेल्या दोघांना वसतिगृहातून उचललं. मला तिथल्या तिथे तोंडी सांगण्यात आलं की माझं वर्ष रद्द होईल, मारामारीचं वेगळं. मी बरं म्हणालो.

भुवईला सहा टाके घालून घेऊन मी संध्याकाळी काकाकडे गेलो. बहीण त्याला पेल्यातून नळीने सूप पाजत होती. मी पलंगाशी उभा राहून सगळं बोललो. हजेरी मी दिली. समितीपुढे गप्प बसलो. दणके ऐकू आले तेव्हा विनोद केला. तुला सोडणार होते, माझ्यामुळे सोडलं नाही. बहिणीच्या हातातला पेला थांबला. काकाने माझ्याकडे पाहिलं, मग डाव्या हाताने वही ओढली. तो बराच वेळ लिहीत होता.

“मला तेव्हाच कळलं. निरोप आला तसा अध्यक्षाने मोठ्याने सांगितला. समितीला लिहिलं नाही. तुझं वर्ष गेलं असतं. गेलं का?”

म्हणजे त्याला माहीत होतं. हजेरीपट समोर ठेवून त्याला खोटारडा म्हणत होते तेव्हाही माहीत होतं. एक ओळ लिहिली असती तर ते तिघे तेव्हाच अडकले असते, आणि ती ओळ त्याने माझ्यासाठी लिहिली नव्हती. तीन आठवडे मी गप्प होतो माझ्यासाठी, आणि तोही गप्प होता माझ्यासाठीच. मी मान हलवली, गेलं म्हणून. काकाने डोळे मिटले. त्याला माझा राग आला होता, पण तो वर्ष गेल्याचा होता.

बहिणीने वही घेतली. दोनदा वाचली. पेला कपाटावर नीट ठेवला, पदराला हात पुसले आणि माझ्या कानाखाली अशी काही लगावली की ताजे टाके उसवले आणि रक्त गळ्यापर्यंत आलं. मी हललो नाही. तिने परत हात उचलला. मी वाट बघत होतो. मग तिने तो हात खाली घेतला, ट्रेमधून कापूस उचलला, आणि माझी भुवई दाबून धरली.