मास्तरांची डबल बेल

मी एका कुरिअर कंपनीच्या तक्रार खिडकीवर बसते. उशीर हा माझा पोटापाण्याचा विषय आहे. दिवसाला पन्नासेक माणसं माझ्यावर ओरडतात आणि मी प्रत्येकाला थंडपणे सांगते, "पार्सल आमच्याकडून वेळेवर निघालंय." त्यामुळे बाबांबरोबर कॅप्चर कार्ड घ्यायला जाताना मला वाटलं होतं, निदान उशिराच्या बाबतीत तरी मला कुणी गंडवू शकणार नाही. कसलं काय!

बाबांनी एकतीस वर्षं बस चालवली. त्यातली सव्वीस एकाच कंडक्टरबरोबर, म्हणजे मास्तरांबरोबर. निवृत्त झाल्यापासून ते टीव्हीसमोर बसून गेममधली बस चालवतात. स्टिअरिंग आहे, पेडल आहेत, गाडी काढण्याआधी मान वळवून आरशात बघणं आहे. बाकीचे लोक त्या गेममध्ये सिग्नल तोडून गुण कमावतात. बाबा पिवळ्या दिव्याला थांबतात. आई म्हणते, "हे निवृत्त झालेत असं मला कुणीतरी लेखी द्या."

चार महिन्यांपूर्वी मास्तरांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं गेलं, उजवी बाजू गेली. ते दुसऱ्या शहरात मुलाकडे असतात. मुलगा आणि सून दोघंही नोकरीवाले, त्यामुळे मुलाने एक संस्था बघून ठेवली होती. तिथे दोन मजले. खालचा कळणाऱ्यांचा, तिथे बाग आहे, टीव्ही आहे, चार माणसं आहेत. वरचा न कळणाऱ्यांचा, तिथे पलंग आहेत. शनिवारी फॉर्म भरायचा होता.

"काका, वाईट वाटून घेऊ नका," मुलगा फोनवर म्हणाला, "पण त्यांना काही कळत नाही हो. मी वरचा मजला लिहिणार आहे."

बाबांनी फोन ठेवला आणि घरभर येरझाऱ्या घातल्या. "कळत नाही म्हणे! सव्वीस वर्षं त्या माणसाच्या डबल बेलशिवाय मी गाडी हलवली नाही. बेल द्या म्हणावं त्यांच्या हातात, मग बघू."

बाबांची योजना अशी. गेममधली बस बाबा इथे चालवणार, तिचं चित्र मास्तरांच्या टॅब्लेटवर थेट दिसणार. पलंगाच्या दांडीला सायकलची घंटी बसवायची. फोन चालू ठेवायचा. एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. मास्तरांनी बरोबर बेल दिली की झालं सिद्ध. मधे फक्त एक यंत्र लागत होतं, गेमचं चित्र लॅपटॉपमध्ये घेणारं, तेच ते कॅप्चर कार्ड.

दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवला आणि तीन यंत्रं मांडली.

पहिलं अंगठ्याएवढं. "हे चित्र लॅपटॉपला देतं. तुम्ही लॅपटॉपवर बघूनच खेळायचं." बाबांनी तिथल्या तिथे दुकानातला गेम लावून बस चालवायला घेतली आणि पहिल्याच वळणावर खांबाला ठोकली. चित्र किंचित मागून येत होतं.

"एकतीस वर्षांत ओरखडा नाही," बाबा म्हणाले, "आणि तुमच्या दुकानात खांब." खांब गेममधला होता, हे सांगायची हिंमत दुकानदाराला झाली नाही.

दुसरं विटेएवढं, आत पंखा. "फोर-के आहे, काका. प्रवाशाच्या शर्टाचं बटण दिसेल."

"बटणं बघायला कंडक्टरला वेळ नसतो. दरवाजा दिसला पाहिजे." शिवाय मास्तरांचा टॅब्लेट वहीएवढा. तेही बाद.

तिसरं मधल्या अंगाचं. एक वायर आत, दोन बाहेर. एक सरळ टीव्हीला, तिच्यावर बघून गाडी चालवायची. दुसरी लॅपटॉपला, तिथून थेट प्रक्षेपण.

"उशीर किती?" बाबांनी विचारलं.

"शून्य, काका."

बाबांनी हॉर्न दाबला. हॉर्न तत्क्षणी वाजला. ब्रेक दाबला, गाडी जागेवर थांबली. लॅपटॉपला वायर बसेल ना, एवढं मी विचारलं आणि स्वतःवर खूश झाले. आम्ही तिसरं घेऊन घरी आलो.

सोमवारी पहिली फेरी. मुलाने फोन लावून दिला, टॅब्लेट मास्तरांसमोर ठेवला आणि तो स्वयंपाकघरात गेला. आमचा आवाज तिकडे दोनदोनदा ऐकू जायला लागला, म्हणून मी बाबांच्या फोनचा माइक आणि लाइव्हचा आवाज दोन्ही बंद केलं. फक्त त्यांची घंटी इकडे यायची. बाबांनी गाडी थांब्यावर लावली. दार उघडलं, प्रवासी चढले, दार मिटलं. बेल नाही. बाबा स्टिअरिंग धरून बसलेले. गेममधले प्रवासी लालबुंद व्हायला लागले. बारा सेकंदांनी ट्रिंग ट्रिंग.

पुढच्या थांब्यावर बारा. त्याच्या पुढच्या थांब्यावरही बारा. शेवटी पडद्यावर आलं, 'प्रवासी नाराज. गाडी उशिरा.' बाबांचा चेहरा बघवेना.

मी दुकानदाराला फोन करून झाडलं. तो शांतपणे म्हणाला, "ताई, आमच्या डब्यात उशीर नाहीच. चित्र तिथून वेळेवर निघतंय. पुढे इंटरनेटवर जो वेळ लागतो, तो सगळ्यांनाच लागतो."

हे वाक्य मी रोज पन्नास वेळा बोलते. ऐकायला इतकं भिकार लागतं, याची मला कल्पना नव्हती.

"म्हणजे बेल बरोबरच देतायत," बाबा खुलले. "चित्रच त्यांना उशिरा दिसतंय."

"मग मुलाला सांगूया ना तसं."

"काही गरज नाही. आपली गाडी उशिरा धावते हे गावभर सांगायचं नाही." ड्रायव्हरचा अभिमान. मी गप्प बसले, तिथेच चुकलं.

बाबांनी मुलाला एवढंच सांगितलं की मास्तर बेल बरोबर देतात. मुलगा म्हणाला, "काका, तुम्हाला तसं वाटतं. शुक्रवारी मी स्वतः शेजारी बसून बघतो, मग फॉर्म भरतो."

गुरुवारी बेल पाच-सहा सेकंदांतच यायला लागली. मी म्हटलं, नेट सुधारलं वाटतं. शुक्रवारी तर कमालच. दार मिटलं की ट्रिंग ट्रिंग. प्रत्येक थांब्यावर. बाबा शीळ घालायला लागले. पडद्यावर आलं, 'सर्व प्रवासी समाधानी.' मी माइक चालू केला.

"बघितलंस?" बाबा ओरडले.

"बघितलं, काका." मुलाचा आवाज खाली गेलेला. "गाडी धावत असतानाच बेल मारतात. एकदा नाही, दर वेळी. थांबा यायच्या आधीच. पुरे करूया आता. तुम्ही खूप केलंत त्यांच्यासाठी."

मला काहीतरी खटकलं. मी माझ्या फोनवर तेच लाइव्ह उघडलं आणि मुलाला म्हटलं, "दादा, एकच थांबा आणखी बघा. बेल झाली की गाडी कुठे आहे तेवढं सांगा." आमचा माइक पुन्हा बंद केला.

बाबांनी गाडी काढली. वळण घेतलं, थांब्यावर लावली. प्रवासी चढले. दार मिटलं. ट्रिंग ट्रिंग.

"बघा!" तिकडून मुलगा. "आत्ता वाजवली. गाडी अजून वळणावर आहे."

टीव्हीवर गाडी थांब्यावर उभी होती. माझ्या फोनवर ती वळणावर होती. नेट काडीचं सुधारलं नव्हतं.

मी माइक चालू केला आणि त्याला बारा सेकंदांचं सगळं सांगितलं.

"म्हणजे ते मुद्दाम आधी..." तो म्हणाला. "पण उशिराचं त्यांना सांगितलं कुणी? मलाच आत्ता कळतंय."

"कुणीच नाही. बेल दिल्यावरही गाडी हलत नाही, हे रोज बघत होते ते. त्यावरून उशीर किती ते काढलं त्यांनी."

बाबा ढसाढसा रडायला लागले. तिकडे मुलगाही रडत होता. "बाबा, माफ करा हो मला," असं काहीबाही मास्तरांना म्हणत होता, आणि इकडून बाबा "मी सांगत नव्हतो? मी सांगत नव्हतो?" म्हणून ओरडत होते. कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं.

तेवढ्यात बेल वाजली. एकच.

आम्ही तिघंही थांबलो.

मग दोन वाजल्या. बाबांनी बाहीने नाक पुसलं, आरशात बघितलं आणि गाडी काढली.