प्लास्टरचा डोंगर

आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी जितेश पुरव "वहिनी, जरा समजून घ्या" म्हणाला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. गेली तीन वर्षं मी समजूनच घेतेय. माझा नवरा सुमेध व्हीलचेअरवर असतो. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट आहे आणि ती चालतेसुद्धा. पण लिफ्टमधून बाहेर पडलं की अंगणात उतरायला चार पायऱ्या. वसईत पाणी भरतं म्हणून मागे सगळ्यांनी मिळून तळमजला उंच करून घेतला, त्या ह्या पायऱ्या. तेव्हा सुमेध चालत होता, त्यामुळे आमच्या घरात कुणाला काही वाटलं नाही.

सुमेध लष्करात ड्रायव्हर होता. अरुणाचलच्या घाटात दरड आली, त्याचा ट्रक खाली गेला आणि कमरेखालचं अंग कायमचं गेलं. तो घरी आल्यावर मी कमिटीला एवढंच म्हटलं, पायऱ्यांवरच एका बाजूने उतार बांधून द्या. आधी म्हणाले, बघू. मग म्हणाले, दोन स्कूटर लावायची जागा जाईल. मग म्हणाले, बिल्डिंगचं तोंड खराब दिसेल. शेवटी मीटिंगमध्ये एकाने तोंड उघडून विचारलंच, एका माणसासाठी सगळ्यांनी का सोसायचं? आणि जितेश पुरव माझ्याकडे वळून म्हणाला, "वहिनी, जरा समजून घ्या."

सुमेध खाली जायचा तो फक्त हॉस्पिटलसाठी. वॉचमन, वरची दोन पोरं आणि जो कोणी हाताशी सापडेल तो, असे चौघे खुर्ची उचलायचे. एकाचा हात निसटायचा, दुसरा ओरडायचा, तिसरा सुमेधच्या डोक्यावरून चौथ्याशी क्रिकेटबद्दल बोलायचा. सुमेध डोळे मिटून बसायचा. एकदा वर आल्यावर म्हणाला, "वसू, मी तांदळाचं पोतं नाही गं." त्यानंतर त्याने खाली जायचं नाव घेणंच सोडलं. बाजार नाही, हॉटेल नाही, माझ्या भावाचं लग्नही नाही. आणि चिडायचा म्हणाल तर अजिबात नाही. मी भांडी आपटायची, मी कमिटीला शिव्या घालायच्या, आणि हा म्हणणार, "जाऊ दे ना." दोघांच्या वाटचा राग मी एकटीने किती करायचा? मला कधीकधी कमिटीपेक्षा याचाच जास्त संताप यायचा.

मग त्याच्या युनिटमधल्या एका मित्राने त्याला लष्करी ट्रकचं मॉडेल पाठवलं. खऱ्या ट्रकच्या पस्तिसाव्या हिश्शाचं. प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेले शेकडो बारीक तुकडे, ते कापून काढायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. आयुष्यात कधी साधा कागदी आकाशकंदील न केलेला माणूस हे करायला बसला. तुकडे कापले माझ्या नेलकटरने. काच बसवली फेविक्विकने, तर तिच्या वाफेने काच पांढरी धुरकट झाली. मी म्हटलं, "गेली की काच." तो म्हणाला, "घाटात धुकं असतं." असं प्रत्येक चुकीला त्याच्याकडे उत्तर तयार.

ट्रक झाल्यावर त्याला रस्ता हवा झाला, रस्ता झाल्यावर डोंगर. यूट्यूबवर सगळे आत थर्माकोल भरून वरून प्लास्टरचा पातळ थर देत होते. याने तो भाग पुढे ढकलून बघितला असणार. जाड प्लायवूडवर सरळ भरीव डोंगर ओतला, फॉल्स सीलिंगवाल्याकडून आणलेलं प्लास्टर संपेपर्यंत. तो वाळल्यावर मी टेबल सरकवायला गेले तर टेबल जागचं हलेना. माती म्हणून चहाचा चोथा वाळवून पसरला. वाळू मी अर्नाळ्याहून आणली होती, मासळी घ्यायला गेले होते तेव्हा. ती गोड्या पाण्यात धुवायची असते हे त्यालाही माहीत नव्हतं आणि मलाही. आठवड्याभरात रंग सुटला आणि सगळ्या कड्यावर पांढरं मीठ फुटलं. मी कपाळावर हात मारला. सुमेध मात्र खुर्ची पुढे घेऊन बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "राहू दे. पहाटे तिथे अस्संच दिसायचं."

मला तेव्हा रडू आलं, आणि त्याचाही राग आला. हा माणूस त्याच रस्त्यावर परत जाऊन बसला होता, जिथून तो पडला. कारण दुसरीकडे जायला त्याला रस्ताच नव्हता ना.

त्या डोंगरावर त्याने लढाई मांडलीच नाही. वळणावर थांबलेला ट्रक, पुढे रस्त्यावर आलेले दगड, एक जवान कुदळ घेऊन, दुसरा स्टोव्ह पेटवून चहा करतोय. बस. मी त्याचा फोटो माझ्या बहिणीला पाठवला, तिने कुणाला पाठवला देव जाणे, पण जानेवारीत जितेश पुरव आमच्या दारात पेढे घेऊन उभा.

"काय कला आहे सुमेधभाऊंची," तो म्हणाला. "सव्वीस जानेवारीला आपण हे खाली स्टेजवर मांडू. वर बॅनर लावू, आपल्या सोसायटीचा जवान. मी तर म्हणतो, एखादा रणगाडा पण टाका. आणि झेंडा जरा मोठा."

"माझ्या रस्त्यावर रणगाडा जात नव्हता," सुमेध म्हणाला.

"बरं, तुम्हाला आवडेल ते."

मी स्वयंपाकघरातून विचारलं, "आणि जवान कसा येणार खाली?"

जितेशने पेढ्यांचा बॉक्स या हातातून त्या हातात घेतला. "त्यांना कशाला त्रास, वहिनी. आपण व्हिडिओ कॉल लावू. मोठ्या स्क्रीनवर दिसतील सगळ्यांना."

मी पुढे काही बोलणार तेवढ्यात सुमेध म्हणाला, "चालेल. घेऊन जा तुम्ही." जितेश गेल्यावर मी त्याला अशी बोलले, अशी बोलले की शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. तुझं मॉडेल खाली मिरवणार आणि तू वर खिडकीत बसणार, लाज नाही वाटत त्यांना, आणि तुला तरी काही वाटतं का? तो ब्रश धूत राहिला. "लोक बघतील तरी," एवढंच म्हणाला.

सव्वीसला सकाळी चार पोरं आली. जितेश मागे, पांढरा कुर्ता घालून. पोरांनी प्लायवूडला हात घातला आणि चौघांचे चेहरे पडले. एक म्हणाला, "काका, आत काय आहे?" सुमेध म्हणाला, "डोंगर." शेवटी मंडपवाल्या स्टॅनीला वर बोलावलं. स्टॅनी अर्नाळ्याचा, स्पीकर न्यायची चाकांची ट्रॉली घेऊन आला. सगळ्यांनी मिळून डोंगर ट्रॉलीवर चढवला. जितेश एकसारखा सांगत होता, "सांभाळून, आरामात, धक्का लागू देऊ नका." मी जवान आणि स्टोव्ह डब्यात काढून घेतले होते. डबा घेऊन मी त्यांच्याबरोबर लिफ्टने खाली आले.

पायऱ्यांपाशी ट्रॉली थांबली. पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

"उचलून नाय जमायचं," स्टॅनी म्हणाला. "कोनाचा तरी पाय मोडेल. थांबा, माझ्याकडं फळ्या हायेत. पन त्या स्कूटर हटवा आधी, खाली टेकवायला जागा पायजे."

आणि जितेश पुरव धावला. स्वतः धावला, पांढऱ्या कुर्त्यात. आपली स्कूटर त्याने स्वतः ढकलत पलीकडे नेली, दुसऱ्याच्या स्कूटरची चावी मागवली, कुंड्या सरकवल्या. स्टॅनीने टेम्पोतून लांबलचक जाड फळ्या आणल्या, पायऱ्यांवर एकीला लागून एक अशा टाकल्या, खाली-वर दोऱ्यांनी आवळल्या. वर उभा राहून दोनदा उड्या मारून बघितल्या. मघाशी कुणीतरी माझ्या हातात दिलेला चहाचा कप अजून गरम होता. ट्रॉली उतारावरून खाली गेली, डोंगर हललासुद्धा नाही, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तीन वर्षं. तीन वर्षं मी ह्या माणसाचे पाय धरायचेच तेवढे बाकी ठेवले होते. जागा नाही, तोंड खराब दिसेल, एका माणसासाठी. आणि प्लास्टरच्या डोंगरासाठी जागा झाली, तोंडही चांगलं दिसायला लागलं. मला तिथल्या तिथे त्याच्या कुर्त्याची कॉलर धरावीशी वाटली. डबा हातात होता म्हणून वाचला मेला.

मी डबा स्टॅनीच्या हातात दिला आणि वर गेले. सुमेध खिडकीपाशी मोबाइल उभा करून बसला होता, केस विंचरून, कॉलची वाट बघत.

"चल," मी म्हटलं.

"कुठे?"

"खाली. उतार केलाय त्यांनी. तुझ्यासाठी नाही, तुझ्या दगडांसाठी."

त्याला कळायला वेळ लागला. मी सगळं सांगितलं, स्कूटर, कुंड्या, दोऱ्या, उड्या. तो "जाऊ दे" म्हणेल म्हणून मी तोंड उघडूनच उभी होते. तो म्हणाला, "किती वेळ लागला त्यांना?"

"चहा गार व्हायच्या आत झालं."

त्याने मोबाइल पालथा ठेवला, शर्ट बदलून दे म्हणाला.

उतार तसा उभाच होता. मी खुर्ची उलटी घेतली, मागून धरून पाऊल पाऊल मागे गेले, तो चाकांना हात लावून होता. कोणी उचललं नाही, कोणी ओरडलं नाही. अंगणात पोचल्यावर त्याने खुर्ची माझ्या हातातून सोडवून घेतली आणि स्वतःची स्वतः चालवत स्टेजपर्यंत गेला. माइकवर जितेशच होता, त्यागाबद्दल बोलत. सुमेधला बघून तो अडखळला, मग म्हणाला, "या या, आपले जवान स्वतः आले, टाळ्या." टाळ्या झाल्या. सुमेधने हात केला नाही. जवान आणि स्टोव्ह आपल्या जागी चिकटवत तो बसला. पहिल्या मजल्यावरच्या पुतळाबाई वाकून बघत म्हणाल्या, "यात शत्रू कुठेय रे?"

"शत्रू नव्हता काकू," तो म्हणाला. "रस्ता बंद होता."

झेंडावंदन झालं, भाषणं झाली, समोसे झाले. लोक प्लेटा टाकून घरी जायला निघाले. तेवढ्यात स्टॅनी जितेशकडे आला. नालासोपाऱ्याला दुसरा कार्यक्रम होता, फळ्या लागणार होत्या. जितेश लगेच आमच्याकडे आला.

"सुमेधभाऊ, आधी तुम्हाला वर सोडू या का? म्हणजे फळ्या काढता येतील. मॉडेल राहू दे आज इथेच."

"चला," सुमेध म्हणाला.

मी खुर्ची ढकलत फळ्यांवर घेतली. चढ जड होता, माझे दात आवळले होते, डोक्यात एकच विचार की आता ही फळी जाणार आणि हा पुन्हा खिडकीत. मागे सगळी बिल्डिंग रांगेत उभी, कारण फळ्यांनी पायऱ्या पूर्ण झाकल्या होत्या आणि दोन्ही बाजूंना भिंत. आम्ही निम्म्यावर आलो.

"थांब," सुमेध म्हणाला, आणि त्याने उजव्या चाकाचा ब्रेक लावला.

"काय झालं? दुखतंय?"

"नाही."

खालून जितेशने विचारलं, "भाऊ, काही मदत पाहिजे का? पोरांना बोलावू?"

"कोणी हात लावायचा नाही," सुमेध म्हणाला. आवाज चढला होता. मी त्याच्याशी लग्न केल्यापासून तो आवाज ऐकला नव्हता. "मी इथून हलणार नाही. गवंडी आणा, वाळू-सिमेंट आणा, माझ्यासमोर इथे उतार बांधायला सुरुवात करा. मग काढा फळ्या."

"अहो, आज सुट्टी आहे. असं कसं? स्टॅनीचा कार्यक्रम आहे. लोकांना घरी जायचंय."

"मला तीन वर्षांपासून बाहेर जायचंय."

स्टॅनीने घड्याळ बघितलं आणि जितेशकडे बघितलं. पुतळाबाईंनी कोणाला तरी खुर्ची आणायला सांगितली आणि त्या अंगणात बसल्या. जितेशने कपाळ पुसलं, आणि नेहमीसारखा माझ्याकडे वळला.

"वहिनी, तुम्ही तरी सांगा ना त्यांना."

खुर्ची एकाच ब्रेकवर तिरकी होत होती, तिचा सगळा भार माझ्या हातांवर आला होता. मी जितेशकडे बघितलं. मग खाली वाकले आणि डाव्या चाकाचा ब्रेक मी लावला.