म्हसोबाच्या मैदानात कुस्ती सोडवत नाहीत

एकतीस वर्षं मी म्हसोबाच्या मैदानाचा माइक धरतोय आणि एकतीस वर्षं शेवटच्या कुस्तीआधी तेच वाक्य बोलतोय : "मंडळी, या मैदानात कुस्ती बरोबरीत सोडवत नाहीत. एकाची पाठ लागेपर्यंत चालते!" माझी बायको विमला म्हणते, झोपेतही तुम्ही हेच बरळता. म्हणू दे. शाळेत मी जन्मभर मराठी शिकवलं, त्यातलं किती कुणाच्या डोक्यात राहिलं देव जाणे. पण हे वाक्य मुरगूडच्या बाजारात भाजीवालीसुद्धा मला म्हणून दाखवते.

आमचं गाव मुरगूडपासून जवळच. गावात सांगण्यासारखं दुसरं काही नाही. ऊस काय, दूध काय, सगळीकडेच आहे. पण म्हसोबाच्या यात्रेच्या दुसऱ्या दिवशी भरणारं मैदान निकाली कुस्त्यांचं, आणि त्यासाठी लोक पार निपाणीकडून यायचे. कोण पैलवान आहे हे विचारायचेसुद्धा नाहीत. म्हसोबाचं मैदान म्हटलं की डोक्याला पटका गुंडाळून निघायचे.

गेल्या वर्षी मात्र निम्मं मैदान रिकामं राहिलं. त्याच दिवशी दुसऱ्या तालुक्यात अमरसिंहची कुस्ती होती. अमरसिंह म्हणजे सध्याचा सगळ्यात गाजलेला पैलवान. मोबाइलवर आठ लाख लोक त्याच्या मागे आहेत. तो जोर मारतो, ते बघतात. तो थंडाई पितो, तेही बघतात. म्हणून यंदा मैदान कमिटीचे अध्यक्ष सयाजीदादा यांनी त्यालाच आणायचं ठरवलं. फाट्यावर फ्लेक्स लागला. त्यात तीस फुटांचा अमरसिंह आणि कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढा म्हसोबा. मैदानाचं नाव होतं म्हणे खाली, पण ते उसाच्या ट्रॉलीमागे गेलं होतं.

मैदानाच्या दिवशी सकाळी सयाजीदादांनी मला दूध संस्थेत बोलावलं. तिथे अवंतिका नावाची एक मुलगी बसली होती. ती पुण्याची, अमरसिंहचे करार, जाहिराती, सगळं बघणारी. वागायला गोड. तिने माझ्या हातात एक कागद दिला. त्यावर अमरसिंहची ओळख होती : देशाची शान, तरुणाईचा श्वास, मातीतला महानायक.

"यात मलकापूर कुठे आहे?" मी विचारलं. "पोरगा मलकापूरचा. पहिली कुस्ती याच मातीत केली त्याने, नारळाच्या बक्षिसाची. तेव्हा नाव मीच पुकारलं होतं."

"मलकापूर कुणाला माहीत असतं सर?" ती हसून म्हणाली. "एवढंच वाचा. आणि दहा मिनिटं झाली की कुस्ती बरोबरीत सोडवली, असं जाहीर करा."

मी सयाजीदादांकडे बघितलं. ते खिडकीबाहेरच्या म्हशीकडे बघत होते.

"पुढच्या आठवड्यात कुस्ती लीगसाठी खेळाडूंची निवड आहे," अवंतिका समजावू लागली. "आत्ता तो पडला तर मोठे संघ मागे सरतील. लोक त्याला बघायला येतात सर, निकाल बघायला नाही. ब्रँड तो आहे, मैदान नाही."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "दादा, तुम्ही याला हो म्हणालात?"

"मग काय करू?" सयाजीदादा उसळले. "गेल्या साली बगितलंसा न्हवं? म्हसोबा एकटाच बसलाता! मानसं आली तर मैदान ऱ्हाईल. एक शबुद तर बोलायचाय की, सर."

"त्याच शब्दावर अडलंय. माइक दुसऱ्याला द्या."

"दुसरा कोन हाय? मागं मी धरला, तर जितल्याल्याला हरला म्हनून बसलो. दोनी गावं अंगावर आलती!"

हे मात्र खरं होतं. मी तणतणत घरी आलो. विमलेला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग जाऊच नका." पण न जाऊन कसं चालेल? आणि गेलो तर तो शब्द उच्चारावा लागणार. मला खरंच भीती वाटत होती. एकदा माझ्या तोंडून तो शब्द गेला, की पुढच्या वर्षी कुठल्या तोंडाने तेच वाक्य म्हणायचं?

दुपारी मैदानावर गेलो तर तीळ ठेवायला जागा नव्हती. खोटं कशाला बोलू, गर्दी बघून मलाही आनंद झाला. तरणी पोरं झाडांवर चढली होती. अमरसिंहची गाडी आली तशी ती सगळी मोबाइल घेऊन तिकडे धावली. बांधावर पहिल्या रांगेत बसलेले निपाणीचे म्हातारे तेवढे जागचे हलले नाहीत. त्यातल्या एकाने मला विचारलं, "मास्तर, त्यो कोन आलाय? आमदार हाय व्हय?"

शेवटची कुस्ती पुकारायची वेळ आली. समोर आमच्या गावच्या तालमीतला विश्वजित, पहाटे चार म्हशींच्या धारा काढून मग मेहनतीला जाणारा. त्याला या भानगडीतलं कुणी काही सांगितलं नव्हतं. मी कागद वाचला. माझं नेहमीचं वाक्य तेवढं म्हणालो नाही. बांधावरून आवाज आला, "मास्तर, इसरलासा व्हय?" मी विसरलो नव्हतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

सलामी झाली. ज्ञानूची हलगी कडाडली. विश्वजित आत घुसायला बघायचा आणि अमरसिंह त्याला लांब ठेवून गोल गोल फिरायचा. पोरं मोबाइल वर धरून चित्रण करत होती. म्हातारे जांभया देत होते. घड्याळाचा काटा असा पळत होता म्हणता!

दहा मिनिटं झाली. अवंतिकेने हात वर केला. पंचाने शिट्टी फुंकली. सयाजीदादांनी मला कोपराने ढोसलं. "बोला की सर!"

मी तोंड उघडलं. शब्द ओठापर्यंत आलासुद्धा. आणि मी माइक बंद करून टेबलावर उपडा ठेवला. ज्ञानू माझ्याकडे बघूनच वाजवतो. त्याने हलगी थांबवली. एवढ्या गर्दीत अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

विश्वजित बावचळून उभा राहिला. अमरसिंह आधी पंचाकडे, मग माझ्याकडे बघत राहिला. मीही नजर हलवली नाही. मग तो वाकला, मूठभर माती उचलली आणि विश्वजितच्या खांद्याला चोळली.

"शिट्टी कशाची वाजवताय?" तो पंचाला सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "हितं सोडवत न्हाईत. ठावं न्हाय व्हय?"

मी माइक कसा उचलला ते मला आठवत नाही. "मंडळी, या मैदानात कुस्ती..." एवढंच म्हणायला मिळालं. पुढचं अख्ख्या मैदानाने म्हटलं. झाडावरच्या पोरांनी, निपाणीच्या म्हाताऱ्यांनी, डोळे पुसत सयाजीदादांनीसुद्धा.

त्यानंतरची अकरा मिनिटं खरी कुस्ती झाली. अमरसिंह काय लढला! दोनदा विश्वजितची पाठ लागता लागता राहिली. लोक बसेनात, ओरडायचे थांबेनात. आणि मग विश्वजितने अशी ढाक मारली की अमरसिंह हवेतून फिरून सरळ पाठीवर आला. पटके आभाळात उडाले.

अवंतिका पांढरीफटक पडून माझ्याकडे धावत आली. "सर, याचा व्हिडिओ कुणी कुणी काढलाय? थांबवायला हवं!" ती एकेका पोराला विचारत सुटली. पोरं एकमेकांची तोंडं बघायला लागली. ओरडण्याच्या नादात सगळ्यांचे मोबाइल खिशात गेले होते. एवढ्या मैदानात शेवटचा डाव कुणीच टिपला नव्हता. चालू राहिला होता तो एकट्या सयाजीदादांचा मोबाइल, आणि त्यात अकरा मिनिटं त्यांचं धोतर होतं.

"काळजी करू नगंस, पोरी," निपाणीचा म्हातारा तिला म्हणाला. "सांगायला आमी हाय की, गावोगाव!" तिने कपाळावर हात मारला आणि मग तिलाच हसू फुटलं.

अमरसिंह मातीने माखलेला स्टेजवर आला. रागावला असेल असं मला वाटलं. तो माझ्या पाया पडला.

"सर, निकाल सांगा की. पर त्यो कागद नगं. नारळाच्या कुस्तीला घेतलं हुतं तसं नाव घ्या."

मी कागद खिशात टाकला. "जिंकला आपल्या गावचा विश्वजित! आणि पडला... मलकापूरचा अमरसिंह!" दुसऱ्या नावाला टाळ्या जास्त वेळ चालल्या. सयाजीदादांनी म्हसोबापुढचा नारळ त्याच्या हातात दिला, आणि त्याने तो तिथेच फोडून वाटला. अवंतिकेलाही एक तुकडा मिळाला.

घरी आलो तर विमला दारातच उभी होती. "काय बोललात शेवटी?"

"निम्मंच वाक्य," मी म्हणालो. "बाकीचं लोकांना पाठ होतं."