भासऱ्याचा हात

शकुनचा नवरा जाऊन वर्ष झालं होतं. तेव्हापासून नांदगावहून, सासरहून, एकच निरोप येत होता: तान्ह्या पोळ्याला पोराला, देवाला, पाठवा. लेकरांनी लाकडी बैल मिरवायचा सण. दोन वर्षांच्या पोराला कोण नाही म्हणणार? पण तिची जाऊ पार्बताबाई मागे बोलून गेली होती, "एकदा पोरगं घरात आलं का मंग कोन नेते त्याले?" पार्बताबाईला मूलबाळ नव्हतं. बी.ए. झालेली, अकोल्यात मुलींच्या शाळेत शिकवणारी शकुन, गल्लीत टांगा वाजला की देवाला छातीशी धरून खिडकीआड उभी राहायची.

शेजारच्या चिनी दंतवैद्याच्या बायकोनं, आलाननं, हे पाहिलं आणि तिला परसात बोलावलं. तिच्या मुलखात एक लढायची विद्या होती, विंग चुन. एका बाईनंच ती काढली, असं तिकडे सांगत. लांबून उड्या मारायच्या नाहीत. अंगाला अंग लागेल इतकं जवळ जायचं. नाकापासून बेंबीपर्यंतची रेघ आपली, ती कोपरांनी राखायची. मनगटाला मनगट टेकवून आलान ढकलायची आणि मोडक्या हिंदीत ओरडायची, "आता है, लेना. जाता है, साथ जाना. हाथ छूटा, सीधा अंदर!"

शकुन दात-ओठ खाऊन उलटं ढकलायची.

"ताकत नहीं! तुम भैंस है क्या?"

पोळ्याच्या आदल्या सकाळी खुशालराव दारात उभे राहिले. नवऱ्याचा थोरला भाऊ, पार्बताबाईचा नवरा; शकुनचा भासरा. त्याच्यासमोर बोलायचं नाही, त्याला सावलीसुद्धा लागू द्यायची नाही, ही सासरची रीत. शकुननं पदर पुढे ओढला. खुशालराव चौकटीकडे पाहत म्हणाले, "देवाच्या मायले म्हना, पोराचे कपडे दे."

"देवा," शकुन कडेवरच्या पोराला म्हणाली, "मोठ्या बाबाले सांग, देवा येत नाही."

"विचारून नाही राहिलो मी. पोरगं आमच्या रक्ताचं हाय."

ते हिसकावतील, याचीच तिनं तयारी केली होती. पण त्यांनी हिसकावलंच नाही. पिशवीतून रंगवलेला लाकडी बैल काढला आणि टिचकी वाजवली. देवा खिदळत पुढे झेपावला. खुशालरावांचा हात आपल्याला लागेल म्हणून शकुन अंग चोरून मागे झाली, आणि तेवढ्यात पोर त्यांच्या हातात गेलं.

ते वळले. टांगा कोपऱ्यावर उभा होता.

शकुन त्यांच्यामागे धावली. डोक्यावरचा पदर पडला, तो तिनं सावरला नाही. भर गल्लीत, दारादारांतल्या बायकांदेखत, तिनं भासऱ्याच्या मनगटावर मनगट टेकवलं.

चटका बसावा तसे खुशालराव दचकले. "भासऱ्याले हात लावते? लाज हाय का काई?"

त्यांनी हात ओढला. ती ओढाताण न करता हातासोबत गेली, आत, आणखी आत, पार त्यांच्या छातीशी. देवा आणि ते यांच्यामध्ये तिनं कोपर घातलं. तिचा स्पर्श टाळायला खुशालराव मागे कलले, मिठी सैल पडली, आणि देवा भोकाड पसरून तिच्या गळ्यात पडला.

खुशालरावांनी धोतर झटकलं. पहिल्यांदाच ते थेट तिच्याकडे पाहून बोलले. "सांजेले चार गडी घेऊन येतो. मंग लाव कोनाले हात लावतं त."

घरात येऊन शकुननं कडी लावली. मागच्या दारातून आलान आत आली.

"चौघं येणार. चार आदमी. काय करू? सिखाओ!"

आलाननं तिचे हात आपल्या हातांत धरले. "चार के लिए कुछ नहीं," ती म्हणाली. "चार के लिए रेल स्टेशन."

जायचं तर अमरावतीलाच; तिथं शकुनचं माहेर आता उरलं नव्हतं. कॉलेजातली एक मैत्रीण होती. अजून त्याच घरी राहते की नाही, कोण जाणे. शाळेतली नोकरी आज सुटली तर पुन्हा मिळणार नव्हती. देवा हुंदके देत बैल मागत होता. शकुननं चुलीवरचा भात उतरवला, गरमच फडक्यात बांधला आणि परसामागच्या बोळातून पोराला घेऊन स्टेशनकडे निघाली.